दिल्लीची मेट्रो : समजून घेऊन करावयाचा प्रवास

आपल्या वसतिगृहात वाढलेली मुले-मुली आता शिक्षणासाठी दिल्लीपर्यंत जाऊ लागली आहेत. कोणी दिल्ली विद्यापीठात, कोणी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, तर कोणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी राजेंद्र नगर वा मुखर्जी नगरात. प्रवेश निश्चित झाल्याचे कळते, घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी पालक आम्हांला विचारतात, “गुरुजी, एवढ्या मोठ्या शहरात पोरगी एकटी फिरेल कशी?” प्रश्न रास्त आहे. ज्या घरातून पूर्वी कोणीच तेथे गेलेले नाही, त्या घराला त्या शहरात मामाही नसतो आणि आत्याही नसते. स्टेशनाबाहेर पाऊल पडताच रिक्षावाले घेरतात आणि नवख्याचा चेहरा पाहून भाडे ठरते. या स्मरणिकेच्या निमित्ताने दिल्ली मेट्रोविषयी सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले, ते याच प्रश्नामुळे. ही रेल्वे वाचता येते. जो ती वाचावयास शिकला, त्याला रस्ता विचारण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे थोडे मागे जाणे आम्हांला टाळता येत नाही. शहराच्या पोटातून धावणारी जगातील पहिली रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली, आणि तीही वाफेच्या इंजिनावर. बोगद्यात धूर कोंडत असे, तरी लोक बसत. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही गाडी त्याआधी जवळजवळ दहा वर्षे, १६ एप्रिल १८५३ रोजी धावली होती. पण भुयारी मेट्रो यावयास २४ ऑक्टोबर १९८४ उजाडावे लागले, आणि तो मान कोलकात्याचा. दिल्लीसाठी केंद्र सरकार आणि दिल्ली सरकार यांच्या समान भागीदारीतून १९९५ साली महामंडळ स्थापन झाले. जपानने कर्ज दिले. कोकण रेल्वे पूर्ण करून आलेले ई. श्रीधरन यांनी कामाची धुरा घेतली आणि २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी या छोट्या मार्गाचे उद्घाटन झाले. आज ते जाळे हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील शेजारच्या शहरांपर्यंत पोहोचले आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे नकाशा. प्रत्येक स्थानकात आणि डब्यात तो लावलेला असतो आणि नवखा माणूस त्याच्यापुढे गांगरतो, कारण तो त्याला भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशासारखा वाचू पाहतो. मेट्रोचा नकाशा हा भूगोलाचा नकाशा नव्हे. या पद्धतीचा जनक लंडनचा हॅरी बेक. तो विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढणारा आरेखक होता. जमिनीखाली असलेल्या प्रवाशाला वरची वळणे आणि नेमकी अंतरे यांच्याशी कर्तव्य नसते, त्याला स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याची जागा तेवढी हवी असते, हे त्याने ओळखले. सर्व मार्ग सरळ व तिरप्या रेषांत बसवून त्याने आकृती तयार केली. १९३१ साली ती नाकारली गेली. १९३३ साली छापली गेली आणि लोकांनी ती उचलून धरली. पुढे जगभरच्या मेट्रोंनी हीच रीत घेतली. म्हणून नकाशावर दोन स्थानके बोटभर अंतरावर दिसली, तरी पायी जाता येईल असा अर्थ काढू नये.

नकाशावरील प्रत्येक रंग ही एक लाइन. पिवळी, निळी, लाल, जांभळी, गुलाबी, मॅजेन्टा अशी त्यांची नावेच रंगांवरून पडली आहेत. आपले स्थानक कोणत्या रंगावर आहे, हे आधी शोधावे. मग दिशा पाहावी, आणि दहापैकी आठ नवखे येथेच चुकतात. मेट्रोत उत्तर-दक्षिण किंवा अप-डाऊन अशी भाषा नसते. गाडीची ओळख तिच्या शेवटच्या स्थानकावरून होते. हे आपल्या लोकांना समजावयास अवघड जाऊ नये. एस.टी.च्या कपाळावर शेवटच्या गावाची पाटी असते आणि आपण मधल्याच फाट्यावर उतरत असतो, तरी गाडी मात्र पाटी पाहूनच धरतो. येथेही तसेच. नवी दिल्ली स्टेशनावरून दिल्ली विद्यापीठाकडे जावयाचे असेल, तर पिवळ्या लाइनची ‘समयपूर बादली’ पाटी असलेली गाडी धरावी. समयपूर बादली कोठे आहे, हे ठाऊक असण्याची गरज नाही. चावडी बाजार, चांदनी चौक, कश्मीरी गेट, सिव्हिल लाइन्स, विधान सभा आणि सहावे स्थानक विश्वविद्यालय. मुखर्जी नगरला जाणाऱ्याने आणखी एक पुढे, जी.टी.बी. नगरला उतरावे.

राजेंद्र नगरला जाणाऱ्याला एकदा गाडी बदलावी लागते. त्याने नवी दिल्लीहून उलट दिशेची, म्हणजे गुरुग्रामकडे जाणारी पिवळी गाडी धरून एकच स्थानक जावे आणि राजीव चौकात उतरावे. तेथे पिवळी लाइन खालच्या मजल्यावर आणि निळी तिच्यावर आहे. जिने चढून निळ्या लाइनच्या फलाटावर यावे आणि ‘द्वारका सेक्टर २१’ची गाडी घ्यावी. रामकृष्ण आश्रम मार्ग, झंडेवालान, करोल बाग आणि मग राजेंद्र प्लेस. गाडी बदलताना स्थानकाबाहेर पडावे लागत नाही आणि दुसरे तिकीटही लागत नाही. संध्याकाळी राजीव चौकातील गर्दी पाहून छाती दडपते, हे खरे. परंतु पावलांच्या खुणा आणि रंगीत पाट्या यांचा माग सोडला नाही, तर ती गर्दीच माणसाला योग्य जिन्यापर्यंत पोहोचवते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पिवळ्या लाइनने हौज खासला उतरून मॅजेन्टा लाइन घ्यावी आणि मुनिरका गाठावे. हौज खासचा मॅजेन्टा फलाट जमिनीखाली सुमारे २९ मीटर खोल आहे, त्यामुळे सरकत्या जिन्यांची रांग संपता संपत नाही.

एक खाचखळगा मात्र सांगितलाच पाहिजे. निळी लाइन यमुना बँक स्थानकानंतर दुभंगते. एक फाटा नोएडाकडे, दुसरा वैशालीकडे. दोन्ही गाड्या त्याच फलाटावर, त्याच रंगाच्या. येथे रंग उपयोगी पडत नाही, पाटीच वाचावी लागते. चुकीच्या गाडीत बसल्याचे ध्यानात आले, तरी घाबरू नये. पुढच्या स्थानकावर उतरावे आणि परतीची गाडी धरावी. स्थानकाच्या आत असेपर्यंत केवळ दिशा बदलल्याचा दंड होत नाही. आत घालविण्याच्या वेळेला मर्यादा आहे, ती ओलांडली तर मात्र जादा पैसे द्यावे लागतात.

पाट्यांविषयी आणखी एक. त्या हिंदी आणि इंग्रजीत असतात. म्हणजे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत अक्षरे गिरविलेल्या मुलाला दिल्ली मेट्रोतील प्रत्येक स्थानकाचे नाव पहिल्याच दिवशी वाचता येते. लिपी आपलीच आहे. ‘निकास’ म्हणजे बाहेर पडण्याचा मार्ग, आणि ‘दरवाज़े बाईं ओर खुलेंगे’ अशी घोषणा झाली की डावीकडे सरकावे. ‘बाईं’ या शब्दाने आपली मुले हमखास अडखळतात आणि मग हसतात. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून खांदे पाडून वावरणाऱ्या मुलाला या प्रवासात तोंड उघडण्याचीही गरज पडत नाही. बाहेर पडताना मात्र गेट क्रमांक पाहावा. मोठ्या स्थानकांना अनेक दारे असतात आणि चुकीच्या दाराने वर आले, तर माणूस रुंद रस्त्याच्या भलत्याच बाजूला निघतो.

मेट्रोत वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. गर्दीच्या वेळी मुख्य लाइनींवर दोन-तीन मिनिटांनी गाडी येते, म्हणून दरवाजा मिटताना उडी मारणे हा निव्वळ अविचार होय. तिकीट तपासनीस डब्यात येत नाही. तपासणी दारावरच होते. आत जाताना कार्ड टेकवावे वा तिकिटावरील क्यूआर दाखवावा, बाहेर पडताना पुन्हा तेच करावे. अंतर मोजून पैसे यंत्रच कापते. ऑगस्ट २०२५ पासून हे भाडे ११ रुपयांपासून ६४ रुपयांपर्यंत आहे. स्मार्ट कार्ड घेतल्यास दहा टक्के सूट मिळते आणि गर्दीची वेळ टाळल्यास आणखी थोडी. सामान एक्स-रे यंत्रातून जाते. त्याच्या वजनाला व आकारालाही मर्यादा आहे. तेव्हा पहिल्या दिवशी लोखंडी पेटी आणि गादीची वळकटी घेऊन मेट्रोत शिरण्याचा बेत करू नये.

भाड्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. रोज जाऊन-येऊन साठ-सत्तर रुपये म्हणजे महिन्याचे दीड-दोन हजार, आणि शेतमजूर आईबापांच्या मुलाला ते जड आहेत. २०१७ साली मे आणि ऑक्टोबर अशी दोनदा भाडेवाढ झाली, तेव्हा दिल्लीतील विद्यार्थ्यांनी सवलतीच्या पासची मागणी केली होती. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सेवेत विद्यार्थ्यांचा पास असणे ही कृपा नव्हे, आणि आमच्या मते ती मागणी आजही सोडून देण्यासारखी नाही. तोवर हिशेब आपणच करावयाचा. खोली शोधताना पालक केवळ भाडे पाहतात. आमचा आग्रह असा की, खोलीचे भाडे आणि मेट्रोचा महिन्याचा खर्च यांची बेरीज पाहावी. कॉलेज ज्या लाइनवर आहे त्याच लाइनवर चार-सहा स्थानके दूर खोली मिळाली, तर ती दोनदा गाडी बदलाव्या लागणाऱ्या जवळच्या खोलीपेक्षा बरी. वेळ आणि पाय दोन्ही वाचतात.

येथे एका जुन्या प्रवासाची आठवण होते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये १९०१ सालची हकीकत नोंदविली आहे. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. चांगले कपडे घातलेल्या त्या मुलांची स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. महार असल्याचे कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर बैलगाडी मिळाली. रेल्वेने त्यांना मसूरपर्यंत आणले होते. अडचण फलाटावर सुरू झाली, कारण पुढचा प्रवास माणसांच्या मर्जीवर होता. मेट्रोच्या दारावरील यंत्राला कार्डातील शिल्लक तेवढी कळते, आडनाव कळत नाही. याचा अर्थ शहर बदलले असा कोणी घेऊ नये. त्याच मेट्रोने जाऊन खोली पाहावयास गेलेल्या आपल्या मुलांना घरमालक पूर्ण नाव विचारतात, काय खाता हे विचारतात आणि मग खोली कालच गेली असे सांगतात. हे अनुभव आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आम्हांला सांगितले आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. फरक इतकाच की, एका गल्लीत नकार मिळाला तर पाच स्थानके पुढे दुसरी गल्ली पाहता येते. जवळची वस्ती हीच एकमेव वस्ती उरत नाही.

मुलींच्या पालकांसाठी: गाडी ज्या दिशेने जाते त्या बाजूचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. ही व्यवस्था ऑक्टोबर २०१० पासून आहे आणि फलाटावर त्या जागी गुलाबी खुणा असतात. स्थानकांवर कॅमेरे व सुरक्षारक्षक असतात. खरी काळजी घ्यावयाची ती स्थानकापासून खोलीपर्यंतच्या शेवटच्या वाटेची, म्हणून ती वाट दिवसा एकदा पायी चालून पाहावी. शेवटची गाडी रात्री साधारण अकराच्या सुमारास सुटते. अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी हे विसरू नये. फलाटावरील उंचवट्याच्या पिवळ्या फरशा ही सजावट नव्हे. लांबट रेघा म्हणजे सरळ चला आणि गोल ठिपके म्हणजे थांबा वा वळा. अंध प्रवासी काठीने त्या वाचतात. त्यांवर बॅग ठेवून उभे राहू नये, हे आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही मुद्दाम सांगतो.

दिल्लीला जाण्यापूर्वी सराव करावयाचा असेल, तर नागपूरची मेट्रो आहेच. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोच्या सध्या दोनच लाइनी आहेत. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही ॲक्वा, आणि त्या दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. दिल्लीचे सारे व्याकरण येथे दोन ओळींत शिकता येते. मुलाला घेऊन इंदोरा चौकात जावे आणि सांगावे, “आंबेडकर चौकात मला घेऊन चल.” त्याने खापरीची पाटी पाहून गाडी धरावी, सीताबर्डीला उतरावे, प्रजापती नगरची गाडी शोधावी. आपण मागे गप्प चालावे. तो चुकला तर चुकू द्यावा. परतीची गाडी काही मिनिटांत येते.

दिल्लीला पोहोचल्यावर पहिल्या रविवारी काय पाहावे, असे मुले विचारतात. लाल किल्ला आणि कुतुबमिनार या दोन्ही नावांची मेट्रो स्थानके आहेत, तेव्हा ते आपोआप होईल. आम्ही त्यांना पिवळ्या लाइनने सिव्हिल लाइन्सला उतरावयास सांगतो. तेथून जवळच २६, अलीपूर रोड आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ते घर याच जागी होते, आणि एप्रिल २०१८ पासून तेथे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. नवी दिल्लीहून चौथे स्थानक, समयपूर बादलीची पाटी.