‘पुट’च्या पुढचा ‘ऑफ’

इंग्रजी अग्रलेख सहज वाचणारी, ऑफिसचं पत्र बिनचूक लिहिणारी कितीतरी मराठी माणसं इंग्रजी सिनेमातल्या दोन मित्रांच्या साध्या गप्पांपाशी अडतात. खरं तर त्या गप्पांमध्ये अवघड शब्द नसतातच. गेट, पुट, टेक, टर्न आणि त्यांच्यामागून येणारे अप, ऑफ, आऊट, डाऊन. सगळे शाळेत पहिल्या काही वर्षांत भेटलेले. पण दोघे जोडीनं आले की अर्थ तिसराच निघतो. या जोड्यांना इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात, आणि गाइडमध्ये त्यांच्यासमोर एकेक भारदस्त समानार्थी शब्द छापलेला असतो. गडबड होते ती त्या समानार्थी शब्दापाशीच.

‘पुट ऑफ’ म्हणजे ‘पोस्टपोन’, असं पाठ केलेलं असतं. सभा पुढे ढकलली तर नोटीस बोर्डावर ‘पोस्टपोन्ड’ शोभतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मात्र ‘दे हॅव पुट इट ऑफ टिल मंडे’ म्हणेल. इथपर्यंत जोडी जुळते. आता हे वाक्य बघा: ‘आय कीप पुटिंग ऑफ द डेंटिस्ट.’ दाताच्या डॉक्टरकडे जायचं रोज उद्यावर जातंय, यात चालढकल आहे, मनातली टाळाटाळ आहे. ‘पोस्टपोन’मध्ये ती छटा येत नाही, तिथे विचारपूर्वक तारीख बदलल्यासारखं वाटतं. आणि ‘द स्मेल पुट मी ऑफ’? वासानंच मन उडालं. इथे ‘पोस्टपोन’ घातलं तर वाक्यच कोसळतं. म्हणजे गाइडमधली ती एक ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे.

एकाच कामाला दोन शब्द आले कुठून? इंग्लंडवर 1066 मध्ये नॉर्मन राजवट आली. दरबार आणि कायदा फ्रेंचमध्ये चालू लागला, चर्च आणि विद्वत्ता लॅटिनमध्ये होतीच. घरातली, शेतावरची बोली मात्र जुनी जर्मानिक वळणाची राहिली. त्यामुळे ‘एक्स्टिंग्विश’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ हे लॅटिन घराण्यातले शब्द कागदोपत्री रुळले आणि ‘पुट आऊट’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इन्टू’ तोंडी राहिले. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण आग विझवतो, पण दलाचं नाव अग्निशमन दल असतं. तसंच भिंतीवरच्या लाल सिलिंडरचं नाव फायर एक्स्टिंग्विशर, आणि कढईनं पेट घेतला की तोंडातून निघतं ‘पुट इट आऊट!’

परक्यांना या जोड्या छळतात हे इंग्रजांनाही फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सननं 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परदेशी माणसाला सर्वांत मोठी अडचण इथेच येते, असं नोंदवून ठेवलं आहे. फ्रेझल व्हर्ब हे नाव मात्र बरंच उशिरा रूढ झालं. लोगन पिअरसल स्मिथनं 1925 च्या पुस्तकात ते वापरलं आणि त्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

आता त्या मागच्या छोट्या शब्दाकडे नीट पाहू, कारण किल्ली तिथे आहे. ‘ईट’ म्हणजे खा. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘अप’मध्ये काही वर जात नाही, जसं आपल्या ‘टाक’मध्ये काही फेकलं जात नाही. दोन्हीकडे अर्थ एकच: काम पूर्ण कर, शिल्लक ठेवू नकोस. ‘ड्रिंक अप’ पिऊन टाक, ‘यूज अप’ वापरून संपव. करून टाकणं, करून ठेवणं, करून बसणं यांतला फरक आपल्याला कुणी शिकवला नाही, तरी तो आपल्या कानात आहे. इंग्रज मुलाच्या कानात ‘अप’ आणि ‘ऑफ’ तसेच असतात. ‘ऑन’ बहुधा चालू राहणं सांगतो: ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’. ‘ऑफ’ तोडतो, दूर करतो: ‘कट ऑफ’, ‘कॉल ऑफ’. ‘आऊट’ दडलेलं बाहेर काढतो. हरवलेली किल्ली ‘फाइंड’ करायची असते. ती कुणी नेली हे ‘फाइंड आऊट’ करायचं असतं. कोशात त्यासाठी ‘डिस्कव्हर’ दिलेलं असतं, पण एसटीची वेळ कुणी ‘डिस्कव्हर’ करत नाही.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे तुकडे पाडून कळणार नाही. ते पाठच करावं लागतं.

जागेचा नियम मात्र पक्का आहे. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण पंख्याऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. याउलट ‘लुक आफ्टर’ कधी तुटत नाही. आजीची काळजी घ्यायची तर ‘लुक आफ्टर हर’च. एक छान जोडी आहे. ‘शी रॅन अप अ हिल’ म्हणजे ती टेकडी धावत चढली. ‘शी रॅन अप अ बिल’ म्हणजे तिनं बिल वाढवून ठेवलं. बिलासाठी ‘रॅन इट अप’ म्हणता येतं, टेकडीसाठी ‘रॅन अप इट’च म्हणावं लागतं. दिसायला सारखी, आतून निराळी.

भारतात या जोड्यांनी आपापले संसारही थाटलेत. पुण्यातला इंजिनिअर ‘आय पास्ड आऊट इन 2019’ म्हणतो तेव्हा त्याला पदवी मिळालेली असते. लंडनच्या ऑफिसात हेच ऐकणारा तो चक्कर येऊन पडला होता की काय, असं समजू शकतो. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ बरं. ‘कोप अप विथ’ हेही आपलंच. प्रमाण इंग्रजीत ‘कोप विथ’ पुरतं.

तेव्हा याद्या पाठ करणं थांबवा. कोश घ्यायचा तर कॉलिन्स कोबिल्डचा फ्रेझल व्हर्बचा घ्या. त्यात ‘अप’, ‘ऑफ’सारख्या शब्दांचे अर्थ वेगळ्या सूचीत उलगडून दिलेत. आणि वहीत ‘गिव्ह अप’ हे कधीही एकटं लिहू नका. ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘गिव्ह अप युअर सीट’, ‘आय गिव्ह अप’ अशी तिन्ही लिहा, आणि प्रत्येकासमोर मराठी स्वतःच्या शब्दांत मांडा: सिगारेट सोडणं, बसमध्ये जागा देणं, हात टेकणं.