सावलीचे झाड कोणते लावावे?

नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीसाठी सादर करताना झाडांचाही हिशेब द्यावा लागतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मनोरंजनाच्या मोकळ्या जागेच्या दर १०० चौरस मीटरला पाच झाडे लावण्याची अट होती. नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे वा अधिक वयाचे झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरले. संख्या आणि वय यांची नोंद अशी होते. सावलीची मात्र होत नाही.

म्हणूनच अनेक आवारांत भिंतीलगत उंच, सरळ ‘अशोका’ची रांग दिसते. हा खरा सीताशोक नव्हे. त्याने झाडांची संख्या भरते, पण त्याखाली एक वर्गही बसू शकत नाही. मूळचा मादागास्करचा गुलमोहर शोभिवंत खरा. परंतु त्याच्या ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. बहावा एप्रिल-मे महिन्यांत फुलांनी लगडतो, पण तेव्हा त्यावर पाने विरळ असतात. कडुनिंब आणि करंज यांना मात्र उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी फुटते व ऐन उन्हात दाट सावली मिळते. मैदानाच्या कडेला हीच झाडे लावावीत. वड-पिंपळाची मुळे भिंती फोडतात. त्यांना इमारतीपासून व विहिरीपासून दूर, मोकळी जागा द्यावी. कुंपणास अडुळसा व निरगुडी ही झुडपे उत्तम, कारण जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात नमूद केले आहे की, माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांवर वड लावले. तेथे गणती झाडांची नाही. हेतू सावलीचा आहे, आणि ती सर्वांसाठी आहे.

‘सर्वांसाठी’ या शब्दाचे मोल आपला समाज जाणतो. बडोद्यात राहण्यास कोठेही थारा मिळेना, तेव्हा बाबासाहेबांनी गाडीची वेळ होईपर्यंतचे तास कामाठी बाग या सार्वजनिक उद्यानात काढले. उच्चविद्याविभूषित माणसाला त्या शहरात घर मिळाले नाही. बसायला जागा मिळाली ती बागेत.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला झाड भेट द्यावे, ते अशी जागा देणारे. रोप निवडताना एवढेच विचारावे : वीस वर्षांनी मे महिन्याच्या दुपारी याच्याखाली किती मुले बसतील?