काड्यांची जुडी आणि काचेचा पडदा

२०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत तेव्हाच्या उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा समावेश होता. या जिल्ह्यांची प्रगती ज्या निकषांवर मोजली जाते, त्यांत शिक्षण हा एक प्रमुख निकष आहे. दरम्यान ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक शाळांत, कित्येकदा लोकवर्गणीतून, दूरचित्रवाणी संच, प्रोजेक्टर आणि टॅब आले. त्यामागील तळमळ खरी होती. तथापि वर्गात पडदा आला म्हणजे गणित आले, हा रूढ होऊ पाहणारा समज तपासून घेणे अगत्याचे आहे.

मराठी मुलाची गणितातील एक मूळ अडचण यंत्राच्या अभावाची नसून संख्यावाचनाची आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. साहजिकच काही मुले ७२ लिहून मोकळी होतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात रूढ वाचनाच्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन दिले, तेव्हा विधिमंडळापर्यंत वाद पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीची बाजू मांडली. परंतु चर्चा भाषाभिमानाभोवतीच फिरत राहिली.

ही अडचण दहा-दहा काड्यांच्या जुड्यांनी सुटू शकते. दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या समोर असताना मूल ७२ लिहू लागले, तर त्याला सात जुड्या शोधाव्या लागतात. त्या नसतात, आणि चूक त्याची त्यालाच उमगते. २७ मध्ये १५ मिळविताना सुट्या काड्या बारा होतात, त्यांतील दहांची नवी जुडी बांधावी लागते. तिलाच आपण ‘हातचा’ म्हणतो. हा शब्दच सांगतो की ही क्रिया हाताची आहे. काड्या नसतील तर चिंचोके चालतील. तुळजापूरच्या परिसरात कवड्यांची माळही मुलांच्या ओळखीची आहे.

मग पडद्याचे काम कोणते? जे हातात मावत नाही ते दाखविण्याचे. हजार जुड्या बांधता येत नाहीत, पण पडद्यावर त्या पाहता येतात. मुलांनी बाटलीच्या पर्जन्यमापकाने पाऊस मोजावा, त्याचा स्तंभालेख वहीत काढावा आणि मग भूम किंवा कळंब तालुक्याच्या अनेक वर्षांच्या पावसाशी तो पडद्यावर ताडून पाहावा. अवर्षणप्रवण जिल्ह्यात सरासरीचा अर्थ याहून चांगला कसा कळणार?

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्याचे त्यांचे काम जगभर वाखाणले गेले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे तंत्र पुस्तकाची जागा घेण्यास आले नव्हते. आपल्या मुलांची गरज ओळखणाऱ्या शिक्षकाने ते पुस्तकाला जोडले होते.

अर्थशास्त्रात पूरक वस्तू आणि पर्यायी वस्तू असा भेद करतात. पडदा हा काड्यांना पूरक आहे, पर्याय नव्हे. संच एकदा घेतला की त्याचे उद्घाटन होते. वीजबिल, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांचा खर्च मात्र दरवर्षी करावा लागतो आणि त्याची तरतूद मागे पडते. काड्यांना पैसा लागत नाही, पण शिक्षकाचा वेळ लागतो. दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळून वर अशैक्षणिक कामे करणाऱ्या शिक्षकाकडे तोच नसतो. तेव्हा खरेदीच्या यादीआधी शिक्षकाच्या वेळापत्रकाचा विचार झाला पाहिजे.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. आज दुसरीत बसलेले मूल उद्या सोयाबीन घेऊन बाजार समितीत उभे राहील. वजन, भाव, हमाली, तोलाई मांडलेली पट्टी त्याच्या हाती पडेल. ती बरोबर आहे की नाही, हे त्याला स्वतःला ताडता आले पाहिजे.