केलं तेच लिहायचं

‘बाबा, आता महिना कोणता चालू आहे?’ कॅज्युअल्टीत ट्रॉलीपाशी उभं राहून हा प्रश्न विचारला, की पुष्कळदा उत्तर मुलाकडूनच येतं. नाहीतर ‘सांगा की बाबा, आत्ताच नाही का वारी झाली?’ असा टेकू तरी तो देतोच. वडिलांच्या अंगावरून वारं गेलंय हे त्याला दिसत असतं आणि निदान एका परीक्षेत तरी ते पास व्हावेत अशी त्याची धडपड असते. मला मात्र त्याला हाताने थोपवावं लागतं. टेकू देऊन आलेलं उत्तर या तपासणीत धरत नाहीत.

ही तपासणी म्हणजे एनआयएच स्ट्रोक स्केल. थॉमस ब्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. पक्षाघाताच्या रुग्णाची शुद्ध, नजर, चेहरा, हातपाय, संवेदना, भाषा असं एकेक पाहत जायचं आणि प्रत्येकाला गुण द्यायचे. इथे जितके गुण जास्त तितकं नुकसान जास्त. ० म्हणजे काही सापडलं नाही, ४२ म्हणजे कमाल. सरावाच्या हाताला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि लागूही नयेत, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायचा असतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मात्र सगळ्यात आधी पाहायची. साखर फार उतरली तर हुबेहूब पक्षाघातासारखंच दिसतं.

सगळ्या तक्त्याच्या मुळाशी एकच नियम आहे: रुग्णाने जे केलं ते लिहायचं, त्याला काय जमलं असतं ते नाही. पहिलं उत्तर तेच खरं. पुढे काही सापडलं म्हणून मागे जाऊन गुण बदलायचे नाहीत. वाचायला सोपं वाटतं, पण नव्या रेसिडेंटला हेच सगळ्यात जड जातं. दया येते, घाई असते, शिवाय ‘यांना समजतंय, फक्त घाबरलेत’ असं मन सांगत असतं.

महिन्यानंतर वय विचारायचं. आपल्याकडे या प्रश्नाची वेगळीच अडचण आहे. आधारकार्डावरची तारीख कुणीतरी अंदाजाने घातलेली असते. एका आजींनी मला सांगितलं होतं, ‘बहात्तरच्या दुष्काळात माझं थोरलं पोरगं तान्हं होतं, आता तुम्हीच धरा हिशेब.’ वाक्य ठणठणीत होतं, भाषा शाबूत होती. पण वयाचं उत्तर नेमकं हवं, जवळपासचं चालत नाही, असा नियम आहे. मी एक गुण लावला आणि शेजारी ‘वय पूर्वीपासूनच माहीत नाही’ अशी टीप लिहिली. महिना त्यांनी ‘आखाड’ सांगितला होता, तो मी बिनदिक्कत बरोबर धरला. कॅलेंडर इंग्रजीच हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

नजर पाहायला अनेकदा काही करावंच लागत नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा आघात असेल, तर उजवा हातपाय लुळा पडतो आणि दोन्ही डोळे डावीकडे ओढले जातात. उजवीकडून मुलगी हाका मारत असते आणि बाबा भिंतीकडे बघत असतात. नातेवाइकांना ते रुसल्यासारखे वाटतात. मग ‘दात दाखवा’. ‘दात आहेत कुठं?’ असं उत्तर ऐकून वॉर्डातले मामा हसतात, आजोबाही हसतात, आणि त्या हसण्यातच ओठाचा एक कोपरा मागे राहिलेला दिसतो. कवळी लावून मुद्दाम केलेल्या हसण्यापेक्षा ते कामाचं.

हाताची तपासणी मला सगळ्यात आवडते. रुग्ण आडवा असेल तर हात पंचेचाळीस अंशांवर, तळवा जमिनीकडे, आणि मी दहापर्यंत मोठ्याने मोजतो, बोटंही दाखवतो. चांगल्या हातापासून सुरुवात करायची. एक, दोन, तीन... चारला अधू हात थरथरतो, सहाला उतरू लागतो. उतरला पण गादीला टेकला नाही, तर एक गुण. धडपडत शेवटी टेकला, तर दोन. उचलता आलाच नाही, नुसता गादीवर सरकला, तर तीन. काहीच हललं नाही, तर चार. पाय तीस अंशांवर, पाचपर्यंतच. मोजण्यात लबाडी होते ती इथेच. हात पडेलसा वाटला की आकडे आपोआप भरभर येतात.

भाषेसाठी तक्त्यासोबत चित्रं येतात. एका चित्रात परदेशी स्वयंपाकघर आहे: डावीकडे स्टुलावर चढून बिस्किटं काढणारा पोरगा, उजवीकडे बशी पुसणारी बाई, सिंकमधून वाहणारं पाणी. आपल्या बायका आधी ‘अगं बाई, नळ बंद करा’ म्हणतात. वस्तूंच्या पानावर पीस आणि निवडुंग आहेत, आणि दोन टोकांना बांधलेला एक झूलाही. त्याला कुणी ‘झोळी’ म्हणालं, तर ते अचूक उत्तर आहे. मी बघतो ते शब्द सापडतो की नाही एवढंच. किल्ली हातात धरून, ती फिरवण्याचा अभिनय करून ‘ते... ते... दाराचं’ म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा बघवत नाही.

याच चित्रात कधी पोरगा गायब होतो. रुग्ण बाईचं, सिंकचं सविस्तर वर्णन करतो. चित्राची डावी बाजू त्याच्यासाठी नसतेच. दोन्ही हातांना एकदम स्पर्श केला तर ‘उजव्याला लावलंत’ म्हणतो. त्याचाच डावा हात उचलून ‘हा कुणाचा?’ विचारलं, तर ‘तुमचा असेल’ असं शांतपणे सांगणारे मी पाहिले आहेत. ही मेंदूच्या उजव्या भागाची माणसं. त्यांना दुखत नाही, बोलता येतं, ‘मला काही झालं नाही’ असं ती ठामपणे सांगतात. म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबतात.

तक्त्याचा मोठा दोषही इथेच आहे. भाषा बिघडली की महिना-वय, सूचना पाळणं आणि भाषा मिळून सात गुण जाऊ शकतात. या अर्ध्या जगाच्या विसराला मात्र फक्त दोन. त्यामुळे एकाच आकाराची इजा उजवीकडे झाली तर आकड्यात ती लहान दिसते. फोनवरून वरिष्ठांनी ‘एनआयएच किती?’ विचारलं की नुसतं ‘सात’ सांगून भागत नाही. सात कशाचे ते सांगावं लागतं. शिंप्याचा उजवा हात गेला आणि बाकी सगळं ठीक असलं, तरी बेरीज चारच्या पुढे जात नाही. चारपर्यंतच्या आघाताला आम्ही सौम्य म्हणतो. त्या माणसाला ते सौम्य नसतं, आणि इंजेक्शनचा निर्णय घेताना हे धरलंच पाहिजे. बेरजेचा खरा उपयोग तुलनेला: रात्री सहा होते, पहाटे दहा झाले, म्हणजे पुन्हा सीटी करा, रक्तस्राव झालाय का बघा. त्यासाठी दोन्ही वेळा प्रामाणिकपणे मोजलेलं असायला हवं.

उरला शून्य. लहान मेंदूत आघात झालेल्या माणसाला गरगरतं, उलट्या होतात, पण पलंगावर पडून तो हातपाय उचलतो, नाकाला बोट लावतो, महिना सांगतो. तक्ता कोरा. त्याला ‘ॲसिडिटी’ म्हणून घरी पाठवणं फार सोपं असतं. म्हणून दुसऱ्या दवाखान्यातून कुणी ‘फक्त चक्कर आहे, स्कोअर शून्य’ असं कळवलं, की मी एवढंच विचारतो: उभं करून चालवून पाहिलंत का? चालण्याला या तक्त्यात एकही गुण नाही.