उणे पाण्याचा हिशेब

उन्हाळा चढू लागला की वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे वीस टक्के’, ‘उजनी उणे चाळीस टक्के’ असे मथळे येऊ लागतात. पाणी शून्याच्याही खाली कसे जाते, असा प्रश्न कामगारांच्या सभांतून आम्हांला वारंवार विचारला जातो. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर समजल्याखेरीज दुष्काळात आपल्या वाट्याचे पाणी कोठे जाते, ते कळावयाचे नाही.

भीमेवरील उजनी धरणात सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. पैकी साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा; उरलेले त्रेसष्टांहून अधिक टीएमसी हा मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती केवळ उपयुक्त साठ्याची. म्हणून शून्य टक्के म्हणजे कोरडे धरण नव्हे. आणि उणे पन्नास म्हणजे मृतसाठ्यातूनही सुमारे २७ टीएमसी गेले. कामगारांच्या भाषेत सांगावयाचे तर पगार संपला, आता प्रॉव्हिडंट फंड मोडून खाणे चालू आहे. २०२३ चा पावसाळा तुटपुंजा झाला आणि २०२४ च्या मे महिन्यात उजनी उणे पन्नासाच्याही खाली गेले, ते असे. अशा वेळी पाणी सोलापूरच्या नळयोजनेच्या विहिरीपर्यंत पोचत नाही; दुबार पंपिंग करावे लागते आणि त्याचा खर्च शहराच्या माथी बसतो.

धरणाचा आकार घमेल्यासारखा, वर पसरट आणि खाली निमुळता. त्यामुळे उपसा तितकाच राहिला तरी अखेरच्या दिवसांत पातळी भराभर उतरते. वर सूर्याचा उपसा निराळाच! शंभर चौरस किलोमीटर पाण्यावरून एक मिलिमीटर वाफ गेली, तर दहा कोटी लिटर पाणी गेले. २०१६ साली मिरजेहून लातूरला पन्नास वाघिणींची पाण्याची गाडी जाई, तिच्यात पंचवीस लाख लिटर मावत. म्हणजे अशा चाळीस गाड्या आकाशात गेल्या. आणि उन्हाळ्यात एका दिवसात एक मिलिमीटरावर भागत नाही.

एक वर्ष पाऊस चुकला तर मागल्या शिलकेवर निभावते. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात चुकली, तेव्हा शिल्लकच उरली नाही. शिवाय तहानलेली जमीन नव्या पावसाचे पहिले पाणी स्वतःच पिऊन टाकते. ते धरणापर्यंत येतच नाही.

पाऊस पाडणे कोणाच्या हाती नाही, हे खरे. परंतु असलेले पाणी कोणाला किती, हे माणसेच ठरवितात. आणि ते एप्रिलमध्ये नव्हे, पावसाळा सरताच, ऑक्टोबरच्या सुमारास ठरते. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तने ठरतात, उसाच्या पाळ्या लागतात. त्या वेळी शहर स्वस्थ असते, कारण नळाला पाणी असते. घागरी घेऊन मोर्चा निघतो तो मे महिन्यात. तेव्हा वाटावयाला टँकरखेरीज काही उरलेले नसते.

कारखान्याचा नफा वाटून झाल्यावर बोनस मागणाऱ्या युनियनला कोणी शहाणी म्हणणार नाही. पाण्याचेही तेच आहे. पिण्यापुरते पाणी आधी बाजूला काढा, मग उरलेल्याची वाटणी करा, आणि तो हिशेब चावडीवर व नगरपालिकेच्या फळ्यावर लावा, ही मागणी धरण भरलेले असतानाच केली पाहिजे.