दोन पोलादांचा सांधा आणि भट्टीचा पेच

बॉयलर, तेलशुद्धीकरण कारखाने आणि अणुवीज केंद्रे यांत कार्बन स्टील आणि स्टेनलेस स्टील कुठे ना कुठे एकमेकांना वेल्ड करावेच लागते. गंजाचा किंवा उष्णतेचा मारा असेल तेवढ्याच भागात महागडे स्टेनलेस परवडते. पेच पडतो तो वेल्डिंगनंतर. कार्बन स्टीलला मानवणारी हीट ट्रीटमेंट स्टेनलेसला बाधते.

जाड कार्बन स्टीलमध्ये वेल्डिंगनंतर ताण कोंडून राहतात आणि वेल्डलगतचा पट्टा कडक होतो. म्हणून जोड सुमारे 600 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक तास ठेवून सावकाश थंड करतात. दाबपात्रांच्या अमेरिकन संहितेत नेहमीच्या कार्बन स्टीलला 38 मिलिमीटरच्या वर हे सक्तीचे आहे.

304 जातीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. साधारण 425 ते 870 अंशांच्या पट्ट्यात त्यातला कार्बन क्रोमियमशी संयोग पावून कणांच्या सीमांवर साचतो. सीमेलगतचे क्रोमियम घटते आणि गंज तिथूनच आत शिरतो. भट्टीचे तापमान नेमके याच पट्ट्यात पडते. 0.03 टक्क्यांहून जास्त कार्बन नसलेली 304एल जात घेतली, की हा धोका बराच कमी होतो.

खरी अडचण सांध्याच्या रेषेवर असते. इथे सहसा 309एल फिलर वापरतात. कार्बन स्टील मिसळून पातळ झाल्यावरही त्यात पुरेसे क्रोमियम-निकेल उरते. पण 600 अंशांच्या पुढे कार्बन स्टीलमधला कार्बन या क्रोमियमकडे ओढला जातो. पोलादाच्या बाजूला मऊ पट्टी, तिला खेटून वेल्डमध्ये कडक पट्टी, अशी जोडी तयार होते. बॉयलरमध्ये वर्षानुवर्षे तापणाऱ्या सांध्यांत तडे बहुधा याच रेषेला धरून जातात.

एवढे सोसूनही ताण पूर्ण जात नाहीतच. तापमान 100 अंशांनी वाढले, की एक मीटर कार्बन स्टील सुमारे 1.2 मिलिमीटर वाढते आणि स्टेनलेस सुमारे 1.7. भट्टीत सैलावलेला सांधा थंड होताना स्टेनलेस जास्त आकसते आणि नवा ताण येऊन बसतो. पुऱ्या झालेल्या सांध्याची ताणमुक्ती, म्हणूनच, बरीचशी कागदोपत्री असते.

यावरची वाट म्हणजे बटरिंग. कार्बन स्टीलच्या तोंडावर आधी फिलरचे थर चढवतात, तेवढाच तुकडा भट्टीतून काढतात, तोंड मशीनवर साफ करून तडे तपासतात आणि मग स्टेनलेसशी जोडतात. शेवटच्या वेल्डला भट्टी लागत नाही. मात्र थर जाड हवा, मशीनिंगनंतर साधारण 5 ते 6 मिलिमीटर. नाहीतर शेवटच्या वेल्डची आच खालच्या पोलादापर्यंत पोचून ते पुन्हा कडक होते. थर निकेल मिश्रधातूचा असेल तर उत्तम, कारण त्यात कार्बन फारसा सरकत नाही आणि त्याचे प्रसरण दोन्ही पोलादांच्या मधले असते.

निकेललाही मर्यादा आहेत. 2000 साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायनातील व्ही. सी. समर अणुवीज केंद्रात, अणुभट्टीच्या पात्राला गरम पाण्याचा नळ जोडणाऱ्या अशाच निकेल वेल्डला ताण आणि गरम पाणी यांमुळे तडा गेला. अणुकेंद्रांत आता अशा जागी सुमारे 30 टक्के क्रोमियमची निकेल मिश्रधातू वापरतात.

पातळ नळ्यांना सहसा एवढा खटाटोप लागत नाही. तिथे 309एलने वेल्ड करून हीट ट्रीटमेंट वगळतात. फक्त हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायू वाहणार असेल, तर कार्बन स्टीलच्या बाजूचा कडकपणा मोजून घेतात.