भट्टीपासून तेलापर्यंत

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे असंख्य कारखाने आहेत. तिथे नुकतेच दाते कापलेला गिअर दिसायला पूर्ण असतो, पण आतून मऊ असतो. त्याला टणक करायचं तर साधारण ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन तेलात बुडवावं लागतं. कित्येक ठिकाणी हे काम अजूनही लांब सांडशी घेतलेला माणूस करतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना अशा ठिकाणी प्रोजेक्ट मिळतो तेव्हा काम एका वाक्यात सांगता येतं: भट्टीतला गिअर, म्हणजे कारखान्याच्या भाषेत जॉब, यंत्रानं उचलून तेलाच्या टाकीत सोडायचा. अंतर दोनेक मीटर. पण या दोन मीटरांत पदार्थांचे नेहमीचे नियमच बदललेले असतात, आणि मला कारखान्यातली हीच जागा सगळ्यात अद्भुत वाटते.

पहिली युक्ती सुचते ती विद्युतचुंबकाची. गिअर पोलादाचा आहे, चुंबकानं उचला, करंट बंद करून सोडा. पण सुमारे ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला दादच देत नाही. पिएर क्युरी यांनी १८९५ च्या आपल्या प्रबंधात चुंबकत्वावरच्या तापमानाच्या परिणामाचा अभ्यास मांडला. या तापमानाला त्यांचंच नाव मिळालं. लोहारांना हा गुण कामाला येतो. तापलेलं हत्यार चुंबकाला चिकटेनासं झालं की पाणी द्यायची वेळ जवळ आली, असं ते ओळखतात.

मग बोटांचा ग्रिपर, म्हणजे यांत्रिक पंजा. इथे आधी आच मोजावी लागते. ८५० अंशांवरच्या भट्टीच्या उघड्या तोंडातून दर चौरस मीटरला सुमारे ९० किलोवॉट उष्णता बाहेर पडते; भर दुपारचं ऊन एक किलोवॉटच्या आसपास असतं. बोटं चालवणाऱ्या हवेच्या सिलिंडरमधली रबरी सीलं, सेन्सर, केबली यातलं काहीच दारापाशी टिकत नाही. म्हणून बोटं उष्णता सोसणाऱ्या पोलादाची आणि लांबलचक करायची, नाजूक भाग मागे आडोशाला ठेवायचे. (सांडशीवाला माणूस मात्र याच आचेसमोर अख्खी शिफ्ट काढतो, हे मनातून जात नाही.)

जॉब नेमका कुठे आहे ते पाहायला कॅमेरा लावला तर तोही गोंधळतो, कारण जॉब स्वतःच दिवा झालेला असतो. यावरचा उपाय फार देखणा आहे. ८५० अंशांवरचं पोलाद तांबडा आणि अवरक्त प्रकाश भरपूर टाकतं, निळा जवळजवळ नाहीच. तेव्हा जॉबवर निळा प्रकाश सोडायचा, कॅमेऱ्यापुढे निळा फिल्टर बसवायचा; धगधगता गिअर पडद्यावर थंड असल्यासारखा रेखीव दिसतो.

तेवढ्यात जागा हलते. जॉब ठेवायचा मीटरभर लांबीचा ट्रे तापून सेंटिमीटरभराहून जास्त वाढतो, आणि वापरून वापरून वाकडाही होतो. सकाळी गार भट्टीत यंत्राला शिकवलेला उचलण्याचा बिंदू दुपारी चुकतो. म्हणून बोटांना थोडी मोकळीक द्यावी लागते, म्हणजे जॉब इकडेतिकडे सरकला तरी हाती लागतो.

घाई कशासाठी, ते पोलादाच्या पोटात दडलंय. लाल अवस्थेत कार्बन लोखंडाच्या अणूंमध्ये विरघळलेला असतो. एकदम गार केलं तर त्याला निसटायला वेळ मिळत नाही. तो अडकतो आणि मार्टेन्साइट नावाची कठीण रचना तयार होते. हवेत रेंगाळलं तर दात्यांची टोकं आधी गार होतात आणि तिथे मऊ रचना बनू लागते. गार बोटं दात्याला रुंद टेकली तरी तोच धोका, म्हणून ती कमीत कमी जागी टेकवायची. माणसाचा हात एकदा चार सेकंद घेतो, दमल्यावर सात. यंत्र दर वेळी सारखाच वेळ घेतं, आणि टणकपणा एकसारखा येतो तो त्यामुळेच.

सगळ्यात जास्त विचार न घडावं अशा गोष्टीचा करावा लागतो. लाल जॉब तेलात अर्धवट बुडून अडकला तर तेल पेट घेतं. हवेचा दाब गेला तरी पकड सुटता कामा नये. खाली जायला लागलेला जॉब वीज गेली तरी पूर्ण बुडलाच पाहिजे. यंत्र चालवणाऱ्या पीएलसी या कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये नेहमीच्या हालचालींच्या ओळी थोड्या, अशा सुरक्षेच्या अटींच्या, म्हणजे इंटरलॉकच्या, कितीतरी जास्त.

जगातला पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला, तोही डायकास्टिंग यंत्रातून गरम भाग काढायला. यंत्राच्या हाताला मिळालेलं पहिलं कामच गरम वस्तूला हात लावायचं होतं.

आणि टाकीच्या तळाशी? गिअर गार झालेला असतो, चुंबकत्व परत आलेलं असतं. तिथून जॉब वर काढायला चुंबकी कन्व्हेअर बिनदिक्कत चालतो.